मनोऱ्याची मागची बाजू

आमच्या फोटो स्टुडिओत मागच्या भिंतीला एक रंगवलेला पडदा आहे आणि त्या पडद्यावर, आम्ही आता सहलीला आलोय ते हे शहर आहे. नदी, नदीवरचा कमानींचा पूल, पुलाच्या डाव्या अंगाला उंच दगडी मनोरा, आणि अगदी खाली, माणसांच्या पायांपाशी, पांढरे फुगीर ढग. अर्ध्या गावाची लग्नाची जोडपी त्या पडद्यासमोर अवघडून उभी राहिली आणि उरलेल्या अर्ध्या गावाची बाळं त्याच्यापुढे भोकाड पसरून रडली. "हलू नका, ढगातून खाली पडाल," असं आमचे हे प्रत्येकाला म्हणायचे. माणूस हसला की यांचं बोट बटणावर.

पडदा रंगवला थोरल्या भाऊजींनी, म्हणजे यांच्या मोठ्या भावानं. विशीत असताना ते या शहरात चित्रकला शिकायला आले होते. दोन वर्षांनी घरी परतले आणि पहिलं काम केलं ते हेच. त्यांच्या मागे त्या दोन वर्षांत सासऱ्यांची नजर गेली. स्टुडिओ तर चालला पाहिजे, म्हणून यांना शाळेतून काढलं. हे तेव्हा दहावीत होते. भूमितीत पैकीच्या पैकी. मास्तर दोनदा घरी येऊन गेले. "एकाचं तरी शिक्षण पुरं होऊ दे," असं सासरे म्हणाले, आणि तो एक म्हणजे भाऊजी.

यांनी कधी तक्रार केली नाही. दादा शिकला ना, मग झालं, एवढंच म्हणायचे. भाऊजींनी लग्न केलं नाही, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि तीन वर्षांपूर्वी गेले. लेकीनं आमच्यासाठी ही सहल ठरवली तेव्हा हे मला म्हणाले, "मला बाकी काही बघायचं नाही. दादा जिथे उभा राहून हे बघत होता, तिथे एकदा उभं राहायचंय."

पहिल्या दिवशी मनोऱ्यासमोरच्या चौकात उतरलो. एवढं नावाजलेलं ठिकाण, पण माणसाला माणूस खेटलेला आणि प्रत्येकाचा हात वर, हातात फोन. नदीबद्दल वाईट बोलू नये, पण आमच्या गावचा कालवा तिच्यापेक्षा बरा वाहतो. पुलावर दुतर्फा किल्लीच्या साखळ्या विकणारे. प्रत्येक साखळीला छोटा मनोरा, आणि खरं सांगायचं तर तो खऱ्यापेक्षा चकचकीत.

हे मात्र एकटक मनोऱ्याकडे बघत होते.

"अगं, हा उलटा आहे."

"काय उलटा?"

"मनोरा. हा पुलाच्या उजवीकडे आहे. आपल्या पडद्यावर डावीकडे. आणि हे घड्याळ कुठून आलं?"

मनोऱ्यावर घड्याळ होतं खरं. लहानसहान नाही, खळ्याएवढं. आमच्या पडद्यावर त्याचा पत्ता नव्हता.

"विसरले असतील भाऊजी," मी म्हटलं.

"हत्तीचं चित्र काढताना सोंड विसरतं का कुणी? कमानी मोज बरं."

मी मोजल्या. "पाच."

"पडद्यावर?"

इतकी वर्षं मी तो पडदा झटकते आहे. मला न बघता सांगता आलं असतं. "साडेचार. एक अर्धी मनोऱ्यामागे गेलीय."

"इथे कुठे जातेय मागे? मनोरा तिकडे, पूल इकडे. मध्ये बैलगाडी जाईल."

तेवढ्यात शेजारची एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, जरा सरका ना, फ्रेममध्ये येताय." ज्यांनी जन्मभर लोकांना सरका म्हटलं ते निमूटपणे सरकले. कॅमेरा गळ्यात होता, पण झाकण काही त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चित्रकलेची शाळा शोधून काढली. जुन्या नोंदी ठेवलेल्या खोलीत एक कारकून बाई बसल्या होत्या. चष्म्याला दोरी, बोटांना रबरी टोप्या. स्वभावानं चांगल्या. यांनी वर्ष सांगितलं, त्यांनी दोन जाड वह्या काढल्या, बोट फिरवत फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेल्या.

"नाही हो. या वर्षी नाही, पुढच्याही नाही."

"पुन्हा बघता का? अक्षर खराब असेल."

"काका, अक्षर मोत्यासारखं आहे. दोनदा बघितलं मी. ही प्रवेश मिळालेल्यांची यादी. नुसते परीक्षेला बसलेले वेगळे असायचे, त्यांचे कागद आम्ही ठेवत नाही."

बाहेरच्या पायरीवर हे बसले ते उठेचनात. मी शेजारी बसले.

"तो इथे आलाच नाही," हे म्हणाले. "कुठल्यातरी कॅलेंडरवरून काढलं. तेसुद्धा उलटं."

"मग दोन वर्षं होते कुठे?"

"देव जाणे. मजेत असेल कुठेतरी." पुढे म्हणाले, "मास्तर दुसऱ्यांदा आले ना, तेव्हा मीच त्यांना दारातून परत पाठवलं. म्हटलं, माझं राहू दे, दादा मोठा चित्रकार होणार आहे. सोळा वर्षांचा होतो मी." मग एकदम उठले. "घरी गेलो की पडदा उतरवतो. त्याची पोतेरी कर."

पडदा गेला तरी मला चाललं असतं. पण मेलेल्या भावाला हे मनातून उतरवत होते, आणि त्या माणसाला आता स्वतःची बाजू सांगता येणार नव्हती. त्या रात्री जेवणाचं ताट तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच शहर दाखवणारी बस होती. आता माझा एक नेम आहे. सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. बस लवकरची असल्यामुळे माळ पदराखाली धरून मी खिडकीशी बसले. हे शेजारी डोळे मिटून. गाईड माईकवरून सांगत होता, की चौकातला रस्ता आज बंद आहे, म्हणून आपण वरच्या बाजूनं वळसा घालून जाऊ, तिकडे बघण्यासारखं काही नाही, तेवढ्यात कुणाला पाणी प्यायचं असेल तर प्या.

बस चढावर गेली, नदीचं वळण आलं, आणि मला मनोरा दिसला. घड्याळ नव्हतं. नुसता दगड. मी डोळे चोळले. घड्याळ पलीकडच्या तोंडाला होतं आणि आम्ही मनोऱ्याच्या पाठीशी होतो. पूल आता उजवीकडे, मनोरा डावीकडे. मी यांना कोपरानं ढोसलं. यांनी कूस बदलली. पुन्हा ढोसलं, तर हळूच म्हणाले, "बरं बरं, नाही घोरत." तोवर बस गोदामांच्या भिंतींआड गेली.

जप संपला तेव्हा आम्ही कुठल्याशा बागेत कारंज्यापुढे उभे होतो. मी सगळं सांगितलं.

"आत्ता सांगतेस?"

"तेव्हा बोलता येत नव्हतं."

"ढोसता येत होतं!"

"दोनदा ढोसलं. तुम्ही घोरत नाही म्हणालात."

हसले नाहीत, पण माझ्याकडे नीट बघितलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. "घड्याळ एकाच बाजूला आहे? नक्की?"

"चला, बघून येऊ."

गाईडला सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, तिकडे गोदामं आणि धोबीखाने आहेत. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी धुतात तिथे. तिकडे कुणी जात नाही." मला ते बरंच वाटलं. कुणी जात नाही तिथे निदान सरका तरी कुणी म्हणणार नाही.

परतताना बस त्याच रस्त्यानं येईल तेव्हा भोंगा वाजवीन, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि आम्ही चालत निघालो. रस्त्यावरून नदीकाठच्या भिंती मध्ये यायच्या. एका फटीतून पूल दिसला, पण मनोऱ्यामागे दोन कमानी गेल्या होत्या. हे थांबले. एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून उभे राहिले, आणि मला त्यांच्यात तो भूमितीचा मुलगा दिसला, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

"अजून उजवीकडे जायला हवं. आणि वर. इथून नदीचं पाणी दिसतच नाही, पडद्यावर भरपूर आहे. निदान तीन मजले वर."

उजवीकडे तीन मजल्यांची एकच इमारत होती. खालच्या खिडक्यांतून वाफ येत होती आणि साबणाचा वास. दारात पन्नाशीची एक बाई पाय पसरून बसली होती, बाह्या कोपरापर्यंत वर, हात लालबुंद. आम्ही गच्चीवर जाऊ का म्हणून विचारलं.

"गच्चीवर? कशाला? मनोरा बघायचा तर पुढून बघा की. सगळं जग पुढून बघतं."

"आम्ही मागून बघणारे आहोत," मी म्हटलं.

ती हसली. "या मग. जिन्यात ओलं आहे, जपून. आणि चादरींना हात लावू नका, ताई. एक डाग पडला तर माझ्या डोक्यावर."

गच्चीवर दोऱ्याच दोऱ्या, आणि त्यांवर चादरी. वारा सुटला होता. कठड्याशी, खालच्या अंगाला एक ओळ होती. ती वाऱ्यानं फुगत होती, बसत होती, पुन्हा फुगत होती. तिच्यावरून पलीकडे नदी. मी बघत राहिले. कुणी मला काही सांगायची गरज नव्हती. जन्मभर आम्ही गावाला ढगांत उभं केलं आणि ते ढग नव्हते.

हे चादरींच्या मधून वाट काढत, एक डोळा मिटून, एकेक पाऊल बाजूला सरकत होते. बाई मला कुजबुजून म्हणाली, "डोळ्यात काही गेलं का त्यांच्या?"

"नाही. कमान अर्धी करतायत."

गच्चीच्या कोपऱ्यात सिमेंटचा कट्टा होता, पिळलेल्या चादरींच्या टोपल्या ठेवायला. त्याच्यापाशी हे थांबले. मग बादली पालथी घालून तिच्यावर चढले. दादा यांच्यापेक्षा वीतभर उंच.

"साडेचार," हे म्हणाले.

 मग बाईला विचारलं, "इथे कोण उभं राहतं?"

"इथे? टोपलीतून काढून दोरीवर टाकणारा. दुसरं कोण? बघायला कोण येतंय इथे? आज तुम्ही आलात तेवढेच."

"दिवसभर?"

"वाळेपर्यंत. एक ओळ उतरली की दुसरी."

हे खाली उतरले आणि बादलीवरच बसले. मी जवळ गेले.

"परीक्षेत नापास झाला असेल," म्हणाले. "घरी कुठल्या तोंडानं येणार? तर इथे चादरी वाळवत बसला. दोन वर्षं. आणि मी तिकडे..." आवाज चढला. "अगं, एक पत्र टाकायचं होतं! शाळा नाही मिळाली म्हणून. मी गेलो असतो परत वर्गात. मास्तरांनी घेतलं असतं मला."

"घेतलं असतं," मी म्हटलं. ते खरंच होतं. 

"खोटं बोलला तो."

"शाळेचं खोटं बोलले. हे खोटं नाही काढलं त्यांनी. चादरीसुद्धा सोडल्या नाहीत." मग मी विचारलं, "तुम्ही कधी विचारलंत त्यांना? ढग कसले म्हणून?"

"मीच म्हणायचो ढग. गिऱ्हाईक हसायचं. दादा तिथेच कोपऱ्यात ब्रश धूत असायचा. काही म्हणायचा नाही." यांनी कट्ट्यावर हात फिरवला. "शाळा कशी होती विचारलं की म्हणायचा, मोठी होती. मी पुढे विचारलंच नाही. मला तेवढंच ऐकायचं होतं ना. परत आला तेव्हा त्याच्या बोटांची सालं निघत होती. आई तूप लावायची. तो म्हणाला रंगांनी होतं असं."

बाई टोपली घेऊन कट्ट्याशी आली होती. तिनं ऐकलं असावं. "सोडा असतो पाण्यात," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर कातडी सुटलेली. "पहिली दोन वर्षं फार. मग हात घट्ट होतात."

यांनी ते हात, एखादा जुना फोटो बघावा तसे, वाकून बघितले. मग म्हणाले, "बाई, सकाळी कामाला किती वाजता लागता?"

"साडेपाचला पहिली भट्टी. का?"

"टोपली वर कशी आणता? जिन्यानं?"

"डोक्यावर. आता यंत्राचा पाळणा आलाय, पण तो तीन दिवस चालतो नि चार दिवस रुसतो."

"एक टोपली किती जड?"

"उचलून बघा की."

हे उचलायला गेले आणि जागच्या जागी थांबले. टोपली हलली नाही. बाई हसली, मीही हसले. देव साक्षीला आहे, त्यात चेष्टा नव्हती. खाली रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. आम्हाला घ्यायला गाईड आला असावा. दुपारी राजवाडा होता, त्याची तिकिटं माझ्या पिशवीत होती.

"अहो, बस आली."

"जाऊ दे तिला." यांनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला आणि बाह्या वर केल्या. "एक धरू का?"

बाईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं टोपलीतून एक चादर ओढली आणि दुसरं टोक यांच्याकडे फेकलं. "कोपरा सोडायचा नाही, भाऊ. जमिनीला लागला तर सगळं परत खाली. आता मागे जा. अजून मागे. ओढा. अहो, ओढा, लाजताय काय!"

यांनी ओढली. पाणी टपटपलं. मी खालून वाजणारा भोंगा ऐकत कॅमेरा पोटाशी धरून उभी होते, आणि हे चादरीच्या त्या टोकाकडून ओरडून विचारत होते, "आणि थंडीत? थंडीत कशा वाळतात या?"