विहिरीतलं गाव

मुलांच्या दवाखान्याची लांबलचक भिंत मला रंगवायची होती आणि तीन आठवडे डोक्यात काही म्हणजे काही येत नव्हतं. कोळशाने रेघ मारायची, फडक्याने पुसायची, एवढाच उद्योग.

अशातच एकदा थोरल्या नणंदेकडे गेले. ताईंनी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. उरलेल्या चिंध्या जोडून त्यांनी स्वतःसाठी एक पलंगपोस केला होता. त्यावर विहिरीच्या तळाशी वसलेलं गाव होतं. माणसं उलटी चालत होती, धुणं आभाळाकडे लोंबत होतं, मासे खिडकीत बसून गप्पा छाटत होते.

"ताई, हे कुठून सुचलं?"

"शिवता शिवता डोळा लागला की दिसतं कधीकधी."

दुसऱ्या दिवसापासून माझा हात थांबेना. बारा दिवसांत भिंतीवर ते गाव उभं राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय डोकं चालतं हो तुमचं!" मी हसले आणि ब्रश धुवायला घेतले.

तेव्हापासून घास गोड लागेना. धुतलेले ब्रश पुन्हा धुवायचे, उगाच या खोलीतून त्या खोलीत जायचं. नवरा म्हणाला, "सांगून टाक की तिला. खाणार आहे का ती तुला?"

"खाईल. तुझीच बहीण आहे."

शेवटी ताईंना भिंतीसमोर नेऊन उभं केलं. त्यांनी चष्मा पुसला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. मी पिशवीचे बंद पिळत होते.

"माझ्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या."

"त्या मी घातल्या. लोकांना वर येता यावं म्हणून."

"कशाला यायचंय त्यांना वर? सुखात आहेत." मग म्हणाल्या, "विचारलं असतंस तर नाहीच म्हटलं असतं मी."

"म्हणूनच नाही विचारलं."

बोलून गेले आणि जीभ चावली. शेजारी पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी बोटाने पायऱ्या मोजत होती, वरून खाली. ताई तिच्याकडे बघत राहिल्या.

"राहू दे पायऱ्या," त्या म्हणाल्या. "कुणाला खाली उतरायचं असेल."

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. कोपऱ्यात ताईंचं नाव आधी लिहिलं, माझं त्याखाली. ताई एवढंच म्हणाल्या, "अक्षर तिरकं आलंय."

हल्ली त्या नवीन काहीतरी जोडतायत. मी गेले की घडी घालून चक्क त्यावर बसतात. मी इकडचं तिकडचं बोलते, पण जीव थाऱ्यावर नसतो. घडीची थोडीशी निळी कड दिसते, आणि डोळा सारखा तिकडेच जातो.