सुई ओवली जाईल असं घर

सतरावं घर बघून झालं आणि रफूवालीच्या डोक्यात सगळ्या घरांची सरमिसळ झाली. दुपारी जरा डोळा लागला की ती एका लांबच लांब घरातून चालत सुटायची. तिसऱ्या घराचं स्वयंपाकघर संपलं की नवव्याची गॅलरी लागायची, गॅलरीचं दार ढकललं की अकराव्याची न्हाणी, आणि सगळ्यात शेवटी एक खोली, जी एजंटाने कधी दाखवलीच नव्हती. तिथे पांढरा, शांत उजेड डावीकडून येऊन टेबलावर पसरलेला असायचा. ती सुई उचलायची आणि नेमकी जाग यायची.

तिला उजेडच हवा होता. कोटाला पडलेलं भोक ती त्याच कापडाचे धागे काढून असं विणून द्यायची की नंतर कोटाच्या मालकालाही जागा सापडू नये. पण समोर नवी इमारत उभी राहिली, तिच्या खिडकीतला दिवस गेला, आणि ती दिव्याखाली काम करायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "असंच चालू ठेवलंत तर दोन वर्षांत रफू विसरा," म्हणाले. ती हसली, पण आतून चांगलीच भ्यायली होती.

आता एजंटाचं ऐका. माणूस वाईट नव्हता, म्हणजे बाकीच्या एजंटांपेक्षा वाईट नव्हता. कुलूप उघडलं की तो आधी स्वतः आत घुसायचा, घरातले यच्चयावत दिवे लावायचा आणि मग दारात येऊन दोन्ही हात पसरायचा.

"या ताई, भरपूर उजेड."

"दिवे बंद करा, भाऊ."

तो तोंड वाकडं करून दिवे घालवायचा. मग ही पर्समधून बारीक सुई आणि काळा धागा काढून खिडकीशी उभी राहायची. धागा पहिल्या दमात गेला तर घर घ्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. धागा काही जायचा नाही. एका घरात तर खिडकीतून असं रखरखीत ऊन आलं की सुईच दिसेना.

"तुम्ही उत्तरेची खिडकी म्हणाला होतात."

"उत्तरेचीच आहे."

"मग सूर्य कुठून आला?"

"सूर्याचं काय मनावर घेता ताई, तो फिरता माणूस."

नवऱ्याने सुरुवातीला हौसेने साथ दिली, पण दहाव्या घरानंतर त्याचे पाय बोलायला लागले. "अगं, तू घर बघायला येतेस की सुई ओवायला? त्यातल्या त्यात बरं दिसेल ते घे आणि सोडव मला," तो काकुळतीला येऊन म्हणाला. तिने मान डोलावली. पाचव्या घरात अंधार जरा कमी होता. तेच घेते, असं सांगायला ती एकटीच एजंटाच्या ऑफिसात गेली.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. एजंट अर्थातच जागेवर नव्हता. "पाचच मिनिटं ताई, दार उघडंच आहे, बसा," तो फोनवर म्हणाला, आणि नेहमीचं रडगाणं गायला, "काय करू, एवढे जिने चढून कोणी येत नाही. खाली रस्त्यावर गाळा मिळाला की ही जागा विकूनच टाकतो."

त्याची पाच मिनिटं तिला ठाऊक होती. ती बसली. टेबलाच्या डावीकडची अख्खी भिंत घरांच्या फोटोंनी भरलेली, आणि डोक्यावर ट्यूब गुणगुणत होती. तिचे डोळे चुरचुरायला लागले, तशी उठून तिने ट्यूब घालवली.

खोलीत अंधार झाला नाही.

फोटोंच्या फटींतून पांढऱ्या रेघा येत होत्या. जवळ जाऊन तिने बोट लावलं तर गार लागलं. ती भिंत नव्हती, काच होती. तिने एका बंगल्याचा कोपरा नखाने सोडवला. मग शेजारचे फ्लॅट काढले, मग दोन दुकानं. टेबलावर उजेड उतरला, शांत, डावीकडून. तिने तो लगेच ओळखला. सुई काढली, धागा ओला केला, आणि तो पहिल्या दमात आरपार गेला. आता जाग येणार म्हणून ती तशीच थांबून राहिली. जाग आली नाही, जिन्यावर धापा तेवढ्या ऐकू आल्या.

"अंधारात का बसलात ताई?" एजंटाचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"राहू द्या. ही जागा दाखवा मला."

"ही? अहो, हे ऑफिस आहे."

"विकायची आहे म्हणालात ना? मागे काय आहे?"

"दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. फाईली पडल्यात सगळ्या." तो टेबलाकडे बघत राहिला. मग काचेकडे. मग तिच्या हातातल्या ओवलेल्या सुईकडे. बटणावरचा त्याचा हात खाली आला. बावीस वर्षं तो याच खोलीत बसत होता.

तो आतल्या दारापर्यंत गेला, वळला, दोन्ही हात पसरले. "या ताई," म्हणाला, आणि पुढचे दोन शब्द काही केल्या त्याच्याने बोलवेनात.