एकोणीस जणांची नोंद

डॉ. संपदा वर्तकच्या नावावर अकरा शोधनिबंध होते, पण कॉलेजात ती ओळखली जायची एकाच निबंधामुळे. पोटातल्या अल्सरवर चार महागड्या औषधांऐवजी दोन स्वस्त औषधांचा दहा दिवसांचा कोर्स पुरतो, असं त्यात दाखवलं होतं. सात वर्षांत तीनशे बारा लेखांनी त्याचा आधार घेतला. महामार्गालगतच्या त्या मेडिकल कॉलेजात इतकी सायटेशन्स दुसऱ्या कुणाचीच नव्हती. प्राध्यापकपदाच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं.

मुलाखतीला महिना उरला असताना गास गावची जुलियाना ओपीडीत आली. पन्नाशीची बाई, वाडीतली भाजी सोपाऱ्याला नेऊन विकायची. दोन दिवस शौचाला काळं होत होतं. दुर्बिणीने पाहिलं तर अल्सरमधून रक्त वाहत होतं.

"आधी कुठे उपचार घेतले होते?" संपदाने विचारलं.

"तुमच्याकडंच की, बाय. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन महिन्यांनी परत दुखायला लागलं म्हणून आले, तर मोठ्या सरांनी तपासलं. तिखट कमी खा म्हणाले."

मोठे सर म्हणजे विभागप्रमुख डॉ. सुधाकर सबनीस. संपदा संध्याकाळी रेकॉर्ड रूममध्ये गेली. त्या निबंधासाठी तपासलेल्या पेशंटांच्या यादीत जुलियानाच्या नावापुढे शेरा होता, 'संपर्क तुटला'. असे एकोणीस जण. अंतिम हिशेबातून सगळे वगळलेले. ओपीडीच्या जुन्या रजिस्टरात मात्र एकोणीसही जण दुखणं घेऊन परत आले होते. नोंदी सबनीसांच्या हातच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. "सर, ही माणसं कुठे हरवली नव्हती. आपल्याच दारात उभी होती."

सबनीसांनी पानं चाळली. "निबंधावर पहिलं नाव कुणाचं?"

"माझं. पण तक्ता तुम्ही तयार करून दिला होता."

"आणि तू तपासला नाहीस."

ते खरंच होतं. तेव्हा तिला छापून येण्याची घाई होती.

"मुलाखत होऊ दे," सबनीस शांतपणे म्हणाले. "मग बघू काय करायचं ते."

नवरा संकेतही तेच म्हणाला. "प्रोफेसर झालीस की तुझं ऐकतील तरी. आत्ता बोललीस तर तुलाच बाहेर काढतील." तिला ते पटलंही. आठवडाभर ती गप्प राहिली. जुलियानाचं रक्त थांबेना, शेवटी ऑपरेशन करून अर्धं जठर काढावं लागलं. वॉर्डात तिची सून वाटीतली पेज चमच्या-चमच्याने भरवत होती. चौथ्या चमच्याला जुलियानाला उलटी झाली. संपदा केबिनमध्ये परतली आणि तिने निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला सगळं लिहून पाठवलं.

चौकशी पाच महिने चालली. 'आपण केवळ मार्गदर्शक होतो, नोंदींची जबाबदारी पहिल्या लेखिकेची,' असं सबनीसांनी लेखी दिलं. पहिल्या लेखिकेच्या निष्काळजीपणामुळे निबंध मागे घेत असल्याचं छापून आलं. मुलाखतीच्या यादीतून तिचं नाव चौकशी सुरू होताच गेलं होतं. उरलेल्या दहा निबंधांची सायटेशन्स मिळून एक्केचाळीस भरली. हेमाली नावाची विद्यार्थिनी तिच्याकडे प्रबंध करत होती. ती दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी गाइड बदलतेय. पप्पा म्हणतात, नाव खराब होईल." संपदाने फॉर्मवर सही केली. जूनमध्ये सबनीस डीन झाले. सत्काराला सगळ्या विभागाला बोलावणं होतं. तीही गेली, मागच्या खुर्चीत बसली आणि इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची लाज तिला पुढे कित्येक दिवस वाटत राहिली.

निबंधाचा आधार घेणं मात्र थांबलं नव्हतं. मागे घेतल्यानंतरच्या वर्षात आणखी सव्वीस लेखांत त्याचा हवाला आला. मागे घेतल्याची सूचना कुणी वाचलीच नसावी. संपदाने सव्वीसही जणांना पत्रं लिहिली, एकोणीस पेशंटांची हकिगत कळवली. तिघांची उत्तरं आली. दोघांनी आभार मानले. तिसरे एका जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर होते. त्यांनी लिहिलं होतं, 'दुरुस्तीची गरज वाटत नाही. आमच्याकडे हा कोर्स सर्वांना देतो. परवडतो, आणि परत फारसं कुणी येत नाही.'

ती उत्तर लिहायला बसली. तीनदा लिहून तीनदा पुसलं. मग लॅपटॉप मिटला. त्यानंतर तिने कुणालाही पत्र लिहिलं नाही.