बाथरूमची कडी

कारखान्यात त्याला सगळे 'का-साहेब' म्हणतात. बाटल्यांना झाकणं लावणारं मशीन बंद पडलं, की पाना हातात घेण्याआधी तो विचारणार, का? उत्तर मिळालं, की त्यावर पुन्हा का. त्यांच्या खात्याचा नियमच आहे: 'माणसाचा निष्काळजीपणा' हे कारण धरायचं नाही, कारण माणूस पान्यानं आवळता येत नाही. हा नियम त्यानं घरी इतक्यांदा सांगितलाय, की एव्हाना भिंतींनाही पाठ झाला असेल.

घरात मात्र त्याची चौकशी पहिल्याच पायरीवर बसकण मारायची. बायको बेकरीत सकाळचा काउंटर सांभाळते आणि तिला रोज उशीर होतो. का? "तुझं नियोजन नाही." खटला निकाली.

परवा मालकीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "आता एकदा जरी उशीर झाला, तर काउंटर दुसरीला देईन. तू मागे ट्रे धुवायला." ट्रे धुऊन धुऊनच ती पुढे आली होती. घरी येऊन चपला न काढताच ती खुर्चीत बसून राहिली.

सुट्टीच्या दुपारी नवरा पुन्हा नियोजनावर घसरला, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या खात्याचा नियम मोडू नकोस. माणूस पकडायचा नाही. पुढचं विचार."

"बरं. उशीर का होतो?"

"बाथरूम मिळत नाही."

"का?"

"बाबा आत असतात."

"इतका वेळ?"

कोपऱ्यातला पेपर जरा वर सरकला.

"बाबा, तुम्हालाच विचारतोय."

"स्टुलावर टेकतो जरा," सासरे पेपराआडून म्हणाले. "डोळा लागतो."

"बाथरूममध्ये?"

"कडी लावली की कुणी हाक मारत नाही. बरं वाटतं."

"रात्री काय करता मग?"

"दुसरी पाळी सुटून तू घरात आल्याशिवाय झोप लागत नाही. आणि ही सूनबाई घोरते."

"मी घोरत नाही," सूनबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "कारखाना सुटल्यावर तू तासभर कुठे असतोस?"

त्यानं पंख्याकडे पाहिलं. "गेटबाहेर. स्कूटरवर बसतो."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबरच नाही."

"का?"

"दिवसभर बिघाडच बघतो गं. घरात पाय टाकला की बाबा रिमोट पुढे करतात. तू तर अर्धवट झोपेतही गळका नळ सांगतेस. तिथे बसलं की तेवढा वेळ कुणाचं काही बिघडलेलं नसतं."

तिनं दोन-चार टोमणे तयार ठेवले होते. ते तसेच राहिले. बेकरीतून परतताना तीही रोज जिन्यात थांबायची, किल्ली हातात धरून.

"उद्यापासून सरळ घरी ये," ती म्हणाली. "पहिला अर्धा तास तुला कुणी काही सांगणार नाही."

"नळ फुटला तर?"

"बादली लावीन."

दुसऱ्या दिवशी रात्री तो खरंच सरळ आला. दार उघडताच बाबा दचकले. "कामावरून काढलं की काय?"

तो खुर्चीत बसला. नळ टपटपत होता. बाबा रिमोट छातीशी धरून घड्याळाकडे बघत राहिले आणि वेळ संपायच्या आत तसेच बसल्या बसल्या झोपले. घरात घोरतं कोण, ते एकदाचं कळलं.

सकाळी बाबा बाथरूममध्ये गेले आणि चक्क लगेच बाहेर आले. ती वेळेवर पोचली. मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि काउंटरची किल्ली पुढे सरकवली. बस, एवढंच. पाय रोजच्यासारखेच दुखले, गिऱ्हाइकं रोजच्यासारखीच कुरकुरली.

परतताना ती सवयीनं जिन्यात थांबली. वरचं दार उघडून बाबा डोकावले, हातात रिमोट.

"सूनबाई, हा बघ ना..." ते थबकले. "तुझाही अर्धा तास असतो का?"

"असतो," ती म्हणाली, आणि पिशवी बाजूला ठेवून तिथेच पायरीवर बसली.