घरचीच टोळी

आमच्या टोळीत सगळे घरचेच. मुकादम माझा नवरा. फळं तोडायला त्याची बहीण, चुलत दीर, जावा, मावशीकडची माणसं. बाहेरचं म्हणाल तर एकच जोडपं, यंदा नव्याने आलेलं. त्यामुळे कामगारांचे हक्क सांगणारी बाई आली तेव्हा, पाहुण्यांच्या मुलाची कविता ऐकावी तसं आम्ही तिचं बोलणं ऐकलं.

आम्ही नळावर कपडे धूत होतो, तिथेच ती आली. चपला काढून सरळ चिखलात उभी राहिली म्हणून मला बरी वाटली. म्हणाली, औषध मारलं की बागेला पाटी लागली पाहिजे आणि पाटी आहे तोवर आत पाऊल टाकायचं नाही. डोळ्यांत गेलं तर डॉक्टरचा खर्च मालकाचा. तक्रार फोनवर करता येते, नाव सांगितलं नाही तरी चालतं. मग तिने प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये स्वतः नंबर घालून दिला.

नवरा मागे येऊन उभा होता. "लिहून घ्या बाई," माझ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, "इथे जुलूम होतो तो फक्त माझ्यावर."

सगळे हसले. मीही हसले. माणूस बोलायला गोड आहे, खोटं कशाला सांगू?

पुढच्याच आठवड्यात मालकाने पहाटे औषध मारलं आणि सकाळी ट्रक आणून लावला. पानं ओली होती, पाटी नव्हती.

"दव आहे," नवरा म्हणाला.

दवाला कधी असा उग्र वास येतो? त्यालाही ठाऊक होतं. पण ट्रक रिकामा गेला तर पुढच्या हंगामात इथे दुसरी टोळी येणार, हेही ठाऊक होतं.

शिडीवर आधी चढली ती नणंद. हात इतके चपळ की आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. तिने फांदी ओढली आणि पानांवरचं सगळं पाणी तिच्या तोंडावर आलं. दुपारपर्यंत डोळे सुजून बंद झाले. नवऱ्याने डोळ्यांवर बाटलीभर पाणी ओतलं, ओला फडका दिला. "उद्यापर्यंत उतरेल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि तिला दार कुठे आहे ते कळेना.

"डॉक्टर विचारणार, कशाने झालं," नवरा म्हणाला. "मग प्रकरण मालकापर्यंत जाणार. जरा थांबू."

तो कामावर गेला. "मी फोन करते," मी तिला म्हणाले.

"नको गं वहिनी. दादाचं नाव येईल. आपलेच दात, आपलेच ओठ."

मला तिचा राग आला, आणि तिच्या दादाचा त्याहून जास्त. नाव न सांगता फोन करायचा विचार माझ्याही मनात आला. पण मग संशय कोणावर जाणार? त्या नव्या जोडप्यावर. घरचं कोणी तोंड उघडणार नाही, हे सगळे धरूनच चालतात. संध्याकाळपर्यंत त्या बिचाऱ्यांचं बोचकं रस्त्यावर आलं असतं.

मी तिच्यासमोरच फोन लावला. आवाज त्याच बाईचा होता.

"नाव दिलंच पाहिजे असं नाही हं," ती म्हणाली.

"माझं लिहा," मी म्हणाले आणि सांगितलं. मालकाचंही सांगितलं.

"मुकादम कोण? तुमच्या नात्यातले?"

"नवरा," मी म्हणाले आणि त्याचंही नाव दिलं.

ती म्हणाली, बाकीचं नंतर, आधी डोळे, गाडी पाठवते.

फोन ठेवून मी तडक बागेत गेले. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याला कळायला नको होतं. तो ट्रकला टेकून उभा होता. मी सगळं सांगितलं, त्याचं नाव दिलं तेही. त्याचा चेहरा पार उतरला.

"बहीण माझी आहे," तो म्हणाला. "माझ्या पोटात तुटत नाही का? पण तिने स्वतः चकार शब्द काढला नाही. घरचं कोणी बोललं नाही. तू कोण गं मोठी?"

"मी परक्या घरून आले," मी म्हणाले. "तुम्हा सख्ख्यांच्या भरवशावर ती आंधळी झाली असती."