सुरुंग थांबला ते दोन दिवस

"काका, आज सुरुंग लागणार नाही. उद्याही नाही," चप्पल काढता काढता ती दारातूनच म्हणाली.

ती खाण कंपनीची जनसंपर्काची मुलगी. घरोघर फिरायचं, चहा प्यायचा, तक्रारी ऐकायच्या, ही तिची नोकरी. माझी बायको तिला 'कंपनी'च म्हणायची. "आली बाई कंपनी! साखर किती घालू? की वर विचारून सांगतेस?" पुढं बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा हीच तिचे केस विंचरून द्यायची. ते काही तिच्या नोकरीत नव्हतं.

सुरुंगानं भिंती हादरल्या की बायकोला धाप लागायची. शेवटी शेवटी तर सुरुंगाआधीचा नुसता भोंगा वाजला तरी ती माझा हात घट्ट धरायची. ते दोन दिवस भोंगा वाजला नाही. दुसऱ्या दुपारी ती झोपेतच गेली.

पुढं जनसुनावणी लागली. खाण आमच्या गल्लीपर्यंत वाढवायची होती. मी काचा बसवणारा. सुरुंगानं तडकलेल्या काचा कंपनीच्या खर्चानं मीच बदलायचो. शेजारी म्हणाला, "तू कशाला तोंड उघडशील? तुझं बरं चाललंय."

निदान अधूनमधून तरी सुरुंग बंद ठेवा, असं लोक म्हणत होते. खाणीचे साहेब म्हणाले, "रोज लावावाच लागतो. एक दिवसही थांबवता येत नाही."

मी उभा राहिलो.

"माझी बायको जायला टेकली होती तेव्हा दोन दिवस थांबवला होता. म्हणजे थांबवता येतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बोला आता साहेब!" शेजारी ओरडला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवून त्या मुलीकडे पाहिलं.

बाहेर ती फाटकापाशी उभी होती.

"साहेब बाहेरगावी होते, काका. त्यांच्या नावानं मीच खाणीत निरोप दिला होता."

"मग मला सांगायचंस की गं!"

"सांगितलं असतं तर काकूंनी थांबवू दिला असता?"

नसता दिला. बायकोनं हिलाच दटावलं असतं, नोकरी घालवतेस का म्हणून. "चल, चहा घे," एवढंच म्हणालो.

"नको. गाडी आलीय," ती म्हणाली.

खाण वाढली. काचांचं काम दुसऱ्याला गेलं, त्याचं विशेष नाही. मुलीच्या जागी नवा माणूस आला. वाईट नाही तोही. भिंतीवरची चीर बघून हळहळला, आपणहून पाणी मागून प्यायला.

"काका, घरी कोण कोण असतं?"

"मी," मी म्हणालो.

तो पुढची नावं ऐकायला थांबला.