मापकाकांच्या हरवलेल्या टिपा

मित्रांनो, मला आता जिन्याखाली आणून ठेवले आहे. माझ्या अंगावर एक कागद चिकटवला आहे आणि त्यावर ‘निकामी’ असे लिहिले आहे. भंगाराची गाडी येईल तेव्हा मी जाईन. ती यायच्या आत मला माझी हकिकत सांगायची आहे, कारण माझ्यामागे ती सांगणारे कुणी नाही.

मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे तुमच्या घरातल्या संगणकाचा थोरला भाऊ समजा. त्याच्यासमोर कुणी खेळायला बसत नाही. त्याने एका कोपऱ्यात चालू राहायचे, इतर संगणकांनी दिलेले जपून ठेवायचे आणि मागतील तेव्हा काढून द्यायचे. नऊ वर्षे मी हेच केले.

ज्या इमारतीत मी राहिलो, तिथे माणसांचे पाय बनत. अपघातात किंवा आजारात ज्यांचा पाय गेला, ती माणसे कुबड्या घेऊन येत आणि काही आठवड्यांनी आपल्या पायांनी चालत जात. माझी खोली अरुंद होती. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या ठेवत. भिंतीपलीकडे दिवसभर प्लास्टर कालवले जाई, साचे घासले जात. ती पांढरी भुकटी दाराखालून येऊन माझ्या पंख्यांत बसे. मग पंखे घरघर करत. म्हणून सगळे मला ‘घोऱ्या’ म्हणत.

हे नाव ठेवले मापकाकांनी. त्यांचे खरे नाव काय, हे तिथल्या निम्म्या लोकांना सांगता आले नसते. तीस वर्षे ते पायांची मापे घेत होते, म्हणून ते मापकाका. मी आलो तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाले, “हा एवढा घोरतो, तर काम कधी करणार?” पण पुढे त्यांचे आणि माझे जितके जमले, तितके कुणाचेच जमले नाही.

उरलेल्या पायाचा आकार एक यंत्र टिपून घेई आणि माझ्याकडे पाठवी. त्यावरून सॉकेट बनत असे. सॉकेट म्हणजे पाय ज्यात बसतो तो वरचा पोकळ भाग. पण यंत्राला आकार कळतो, दुखणे कळत नाही. ते मापकाकांना कळे. कुठे एक सूत घासायचे, कुठे सैल सोडायचे, हे ते हाताने ठरवत. प्रत्येक माणसाच्या पानाखाली ‘टीप’ नावाचा एक चौकोन होता. बाकीचे लोक तो रिकामा सोडत. मापकाका मात्र एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तो भरून काढत.

“काका, एवढं काय लिहिता हो?” कुणीतरी विचारी.

“लिहिलं की डोकं मोकळं होतं,” ते म्हणत. “घोऱ्याच्या पोटात टाकलं, मी विसरून जायला मोकळा.”

तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटे.

माझ्यातली सर्वांत लांब टीप होती कंडक्टरबाईंची. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता आणि त्यांना पुन्हा बसमध्येच काम करायचे होते. दिवसभर चालत्या गाडीत उभे राहायचे म्हणजे गंमत नव्हे. त्यांचे सॉकेट दहा वेळा बनवले आणि दहाही वेळा संध्याकाळपर्यंत पाय सोलवटला. शेवटी मापकाका एक दिवस रजा टाकून त्यांच्या बसमध्ये जाऊन बसले. सकाळच्या पहिल्या फेरीपासून ड्यूटी संपेपर्यंत त्यांनी फक्त बाईंच्या पायाकडे पाहिले. परत येऊन त्यांनी दोन तास टीप लिहिली. गाडी वळताना बाई कशा कलतात, ब्रेक लागला की भार कुठे येतो, कोणती कड किती घासायची, सगळे लिहिले. अकरावे सॉकेट बसले. त्यानंतर दीड वर्ष बाई आल्याच नाहीत. काकांच्या धंद्यात माणूस न येणे हीच शाबासकी.

मित्रांनो, माझे वाईट दिवस हळूहळू आले, इतके हळू की कुणाच्या लक्षात आले नाही.

माझ्या पोटात दोन डिस्क होत्या. जे एकीवर लिहिले जाई, तेच दुसरीवरही. एक गेली तर दुसरीने सांभाळून घ्यायचे. एके दिवशी त्यातली एक गेली आणि माझ्या तोंडावर पिवळा दिवा लागला. पण माझ्यासमोर बँडेजची खोकी रचली होती. दिव्याचा उजेड खोक्यांवर पडत राहिला. शिवाय रोज संध्याकाळी माझ्यातल्या सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जात असे. दोन वर्षांपूर्वी ती डिस्क भरली. तेव्हापासून मी रोज एक पत्र पाठवत होतो, ‘प्रत निघाली नाही.’ ते पत्र जात होते माझी देखभाल करणाऱ्या पहिल्या माणसाच्या पत्त्यावर, आणि तो नोकरी सोडून गेला होता.

त्याच्या जागी केबलताई आल्या होत्या. खांद्यावर कायम केबलचे भेंडोळे, म्हणून केबलताई. कामाला चोख, पण एकटीने चार केंद्रे सांभाळायची म्हणजे कुठेच पुरे पडता येत नव्हते. माझ्याकडे त्या आल्या की उभ्या उभ्या विचारत, “चालू आहे ना? मग असू दे.” मी चालू होतो, एवढेच माझे चुकले.

सुरक्षेचे एक मोठे अपडेट कित्येक महिने अडून राहिले होते. चोरांना आत शिरायला मिळेल अशी एक फट माझ्यात निघाली होती आणि ती बुजवायची होती. केबलताई आठवण करत आणि मोठ्या बाई, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, म्हणत, “पुढच्या आठवड्यात बघू. पायांचं काम थांबवता येत नाही ना!” मग एके सकाळी बातमी आली की, अशाच एका केंद्राचे सगळे संगणक कुणीतरी बाहेरून कुलूपबंद केले. मोठ्या बाई धावत आल्या.

“आजच्या आज करा ते अपडेट.”

“दुपारच्या सुट्टीत करते,” केबलताई म्हणाल्या. “पण तासभर कुणी याला हात लावायचा नाही.”

त्यांनी प्रत निघते का ते पाहिले. पडद्यावर ‘सुरू आहे’ असे दिसले. ती प्रत उघडून पाहायची राहिली. दाराच्या बाहेरच्या बाजूला त्यांनी मोठ्या अक्षरात कागद लावला, ‘अपडेट चालू आहे. बंद करू नये.’ मग दुसऱ्या केंद्रातून फोन आला आणि त्या तिकडे धावल्या.

मला फार उकडत होते. कुणीतरी जाता जाता माझी दया येऊन दार सताड उघडले आणि त्याला वीट लावली. कागद भिंतीकडे वळला.

एकाच डिस्कवर माझा कारभार चालला होता, म्हणून तासाभराचे काम दोन तास झाले तरी उरकले नव्हते. पडदा काळा होता. मी आतून जुने काढून नवे मांडत होतो. घर बदलताना सामान अर्धे इकडे अर्धे तिकडे असते, तसा मी होतो. आणि त्याच दुपारी दीड वर्षांनी कंडक्टरबाई आल्या. त्यांचे सॉकेट तडकले होते.

“घाबरू नका,” मापकाका हसून म्हणाले. “तुमचं सगळं घोऱ्याकडे लिहिलेलं आहे. तस्संच दुसरं बनवू. परवा ड्यूटीवर.”

त्यांनी पान उघडायला घेतले. उघडेना. ते माझ्या खोलीत आले. काळा पडदा पाहून त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. “झोपलास का रे? बाई उभ्या आहेत तिकडे.” त्यांनी माझ्या वरच्या कडेचे बटण दाबले आणि मी विझेपर्यंत धरून ठेवले.

त्यानंतर मी नीट उठलोच नाही. पडद्यावर एकच ओळ येऊन थांबली: सुरू होण्यासाठी लागणारी फाइल सापडत नाही.

केबलताई अर्ध्या तासात आल्या. येताना त्यांनी दार ओढले आणि भिंतीकडचा कागद पाहिला. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. खोकी बाजूला सरली आणि त्यांना तो पिवळा दिवा दिसला.

त्यांनी घाई केली नाही, हे मी सांगायलाच हवे. एका पेन ड्राइव्हवरून त्यांनी मला बाहेरूनच जागे केले आणि माझ्या नोंदी वाचल्या. अपडेट कुठवर आले होते, ते दिसले. त्याखाली दिसले, ‘बटण दाबून बंद केले.’ वेळही होती. त्यांनी वर पाहिले. माझ्या बटणावर प्लास्टरचा पांढरा अंगठा उमटला होता. दारात मापकाका उभे होते. आपले हात त्यांनी पाठीमागे घेतले होते.

केबलताईंनी रुमाल काढून बटण पुसले.

“काका, अपडेट फसलं,” त्या म्हणाल्या. “जरा वेळ लागेल.”

सुरू होण्याची फाइल त्यांनी त्याच संध्याकाळी नव्याने बनवली. तेवढ्यानेच भागले असते. पण माझी उरलेली डिस्क थकली होती. बंद पडून पुन्हा फिरताना ती टकटक करू लागली. टकटक ऐकताच केबलताईंनी सगळे सोडून तिच्यावरचे उतरवून घ्यायला सुरुवात केली. तीन दिवस त्या माझ्याशेजारी स्टूल टाकून बसल्या. मापे आली. पत्ते आले. टिपांची फाइल मात्र वाचताच येईना. पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन डिस्क अडखळे. चौथ्या दिवशी ती फिरायची थांबली. मग त्यांनी बाहेरची प्रत उघडली. ती दोन वर्षांपूर्वीची होती, आणि टिपांची फाइल उतरवतानाच जागा संपली होती. टिपांच्या जागी काहीच नव्हते.

मोठ्या बाईंसमोर केबलताईंनी स्वतःकडे बोट केले. “दिवा मी पाहिला नाही. प्रत मी उघडली नाही.” बटणाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. पण मापकाकांना ते पचेना. ते सरळ कंडक्टरबाईंपुढे जाऊन उभे राहिले.

“बाई, बटण मी दाबलं. तुमची टीप माझ्या हातानं गेली.”

“टीप गेली तर गेली,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आहात ना? आठवून करा.”

मापकाकांनी तडकलेले सॉकेट हातात घेऊन पाहिले. “तेच तर जमत नाही हो. लिहून ठेवलं की मी विसरतो. बस आठवते. तुम्ही खिडकीपाशी उभ्या होतात, ते आठवतं. कुठं किती घासलं, ते आठवत नाही.”

जुने सॉकेट तडकून वेडेवाकडे झाले होते, त्यावरून माप घेता येईना. यंत्रातल्या आकारावर त्यांनी चार सॉकेट बनवली. पुन्हा बसमध्ये जाऊन बसायची त्यांची तयारी होती, पण बाईंना बसमध्ये उभेच राहवेना. शिवाय काकांचे हात आता कापू लागले होते. पाचव्या सॉकेटवर बाई म्हणाल्या, “राहू द्या काका. याच्यावर चालता येतंय.” चालता येत होते, उभे राहता येत नव्हते. त्यांना डेपोत पास द्यायच्या खिडकीवर बसवले. “खुर्ची मऊ आहे,” असे त्यांनी काकांना सांगितले आणि दुसरीकडे पाहिले.

दोन महिन्यांनी मापकाका निवृत्त झाले. जाण्याआधी ते एक वही घेऊन रोज बसत आणि आठवेल ते लिहीत. वहीची सतरा पाने भरली. माझ्यात दोन हजारांहून जास्त टिपा होत्या. शेवटच्या दिवशी ते माझ्याकडे आले. डोक्यावर थाप मारायला त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

आता माझ्या जागी नवा सर्व्हर आहे. तो घोरत नाही. केबलताई दर सोमवारी त्याची प्रत उघडून, एखादे पान वाचून पाहतात. त्यांना दोन केंद्रे कमी करून दिली आहेत. ही व्यवस्था चांगली आहे, पण ती माझ्यानंतर झाली.

काल एक आजोबा आले होते. मापे घेणारी नवी बाई मन लावून काम करते. तिने विचारले, “आजोबा, पाय कसा वाटतोय?”

“छान आहे, छान आहे,” आजोबा म्हणाले. तिने तसे लिहून घेतले आणि ते निघाले. माझ्यासमोरून जाताना ते थांबले. भिंतीला हात टेकून त्यांनी डोळे मिटले, ओठ दाबून धरले आणि मग हळूहळू बाहेर पडले.

त्यांच्या पानाखाली मापकाकांनी लिहिले होते, ‘कितीही दुखलं तरी छान म्हणतात. जिना चढायला लावावा, मग खरं कळतं.’ ते आता केंद्रात कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर तुम्ही विसंबून आहात, तो यंत्र असो की माणूस, तो चालू दिसतो म्हणून त्याला तसाच सोडू नका. अधूनमधून त्याच्याजवळ बसा आणि आत काय चालले आहे ते पाहा. आणि तुमच्या घरात किंवा शाळेत कुणाला तरी खूप काही ठाऊक असेल, तर त्यांना आजच विचारा, आणि लिहून घेतलेत तरी पुन्हा एकदा त्यांच्याच तोंडून ऐका. मी स्वतःहून कधी कुणाला माझ्यातले काही वाचून दाखवू शकलो नाही. मी फक्त सांभाळत होतो, आणि तेही मला जमले नाही.